भाऊबंदकी परवडली!

सौदी अरेबियात विरोधी पक्ष नव्हता असं कोण म्हणतं? होता. खाऊनपिऊन सुखी होता, राजवाड्यातच राहत होता आणि त्याला निवडणुकीची दगदगही नव्हती. राजाचे भाऊ, हाच तो पक्ष. राजे अब्दुलअझीझ १९५३ मध्ये गेले ते तीसहून जास्त मुलगे मागे ठेवून. तेव्हापासून आजवर गादीवर बसलेले सहाच्या सहा राजे याच एका बापाचे लेक. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचं? खाती वाटून घ्यायची.

आणि वाटणी अशी, की एकदा खातं मिळालं की ते जवळजवळ मरेपर्यंत. संरक्षण सुलतान यांच्याकडे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थेट २०११ पर्यंत. गृह नायफ यांच्याकडे, १९७५ ते २०१२. परराष्ट्र पुतणे सौद अल-फैसल यांच्याकडे, चाळीस वर्षं. रियाधचं राज्यपालपद सलमान यांच्याकडे, पन्नासेक वर्षं. नॅशनल गार्ड नावाची वेगळी फौज अब्दुल्ला यांच्याकडे. म्हणजे देशात दोन फौजा आणि त्या दोन भावांच्या हाती. एक शत्रूशी लढायला, दुसरी पहिलीवर लक्ष ठेवायला. सत्ता कशी विभागावी यावर माँतेस्क्यूनं जाडजूड ग्रंथ लिहिला. सौदी भावांनी तो न उघडता अमलात आणला.

कारभार अर्थातच रडतखडत चाले. राजे फहद यांना १९९५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. पुढची दहा वर्षं ते नावाला राजे राहिले आणि युवराज अब्दुल्ला राज्य हाकत राहिले. अब्दुल्ला राजे झाले तेव्हा त्यांचे दोन युवराज पाळी यायच्या आधीच म्हातारपणी वारले. हजारो राजपुत्रांना महिन्याच्या महिन्याला तनखा. शस्त्रखरेदीत कोणाचा किती वाटा यावर परदेशातली वर्तमानपत्रं पोसली गेली. निर्णय व्हायचा तो सगळ्यांची तोंडं बघून, म्हणजे बहुधा व्हायचाच नाही. अशा राज्याची आरती ओवाळावी असं त्यात काही नव्हतं.

पण एक सोय होती. एकट्याला वेड लागलं म्हणून देशाला लागत नव्हतं.

१९६४ मध्ये ते दिसलं. राजे सौद यांनी तिजोरीचा तळ गाठला होता आणि मोक्याच्या जागांवर भावांना डावलून स्वतःची मुलं बसवायचा सपाटा लावला होता. भाऊ जमले, उलेमांना म्हणजे धर्मगुरूंना बोलावलं, फतवा काढून घेतला आणि सौदना खाली उतरवून फैसल यांना गादीवर बसवलं. सौद पुढे ग्रीसला गेले आणि १९६९ मध्ये तिथेच वारले. भाऊबंदकी म्हटलं की मराठी माणसाच्या कानात थेट ‘काका, मला वाचवा’ घुमतं. इथे भाऊबंदकीनं राजा बदलला आणि कुणाच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

मायकल हर्ब या अमेरिकी अभ्यासकानं १९९९ मध्ये या विषयावर ‘ऑल इन द फॅमिली’ नावाचं पुस्तकच लिहिलं. त्याला पडलेला प्रश्न असा: इजिप्तचा फारूक १९५२ मध्ये गेला, इराकचा दुसरा फैसल १९५८ मध्ये मारला गेला, लिबियाचा इद्रिस १९६९ मध्ये उपचारासाठी तुर्कस्तानात असताना गादी घालवून बसला, इराणच्या शहानं १९७९ मध्ये विमान पकडलं. मग आखातातले शेख तेवढे कसे टिकले? तेलामुळे, असं म्हणावं तर तेल इराक, लिबिया आणि इराणमध्येही होतं. हर्बचं उत्तर असं, की जिथे राजा एकटा होता तिथे तो गेला. जिथे अख्खं घराणं खात्याखात्यांत आणि बराकीबराकीत ठाण मांडून होतं, तिथे एखाद्या महत्त्वाकांक्षी कर्नलला शिरायला फटच सापडली नाही.

याच घराण्याला आता मोडीत काढणं चालू आहे. त्याचं जाहीर नाव ‘सुधारणा’.

सलमान २३ जानेवारी २०१५ रोजी राजे झाले. रियाधचे राज्यपाल असताना राजपुत्रांची भांडणं आणि भानगडी त्यांच्यापुढेच निवाड्याला येत, त्यामुळे घराण्याची सगळी अंडीपिल्ली त्यांना ठाऊक. आल्या आल्या मुलगा मोहम्मद याला संरक्षण खातं दिलं. वय वर्षं एकोणतीस. तीन महिन्यांत युवराज मुक्रिन, म्हणजे राजांचे सावत्रभाऊ, घरी. त्यांच्या जागी पुतणे मोहम्मद बिन नायफ, गृहमंत्री, अमेरिकी गुप्तचरांच्या खास मर्जीतले. इतके मर्जीतले की फेब्रुवारी २०१७ मध्ये सीआयएनं त्यांना पदक दिलं. जूनमध्ये तेही घरी. पदक घरीच होतं, सोबत झाली.

त्या जूनमधली चित्रफीत जगानं पाहिली. नवा युवराज, राजांचा मुलगा मोहम्मद, गुडघे टेकून जुन्या युवराजाच्या हाताचं चुंबन घेतो आहे, जुना म्हणतो आहे की मी समाधानी आहे. आदल्या रात्री मक्केतल्या राजवाड्यात त्यांना समाधानी कसं केलं गेलं, याची वर्णनं नंतर अमेरिकी वर्तमानपत्रांत आली. राजे अब्दुल्लांनी २००६ मध्ये युवराज निवडायला राजपुत्रांचं एक मंडळ नेमलं होतं. त्यातल्या ३४ पैकी ३१ जणांनी होकार दिल्याचं जाहीर झालं. नकार देणाऱ्यांत राजांचे सख्खे भाऊ अहमद होते असं सांगितलं जातं. मार्च २०२० मध्ये अहमद यांना अटक झाली आणि त्याच वेळी समाधानी मोहम्मद बिन नायफ यांनाही. शनिवारवाड्यात पुतण्या काकाला हाका मारत होता. रियाधमध्ये तीच हाक काकानं पुतण्याला मारायची वेळ आली.

रिट्झ-कार्लटनचा किस्सा सांगायला हवा, कारण त्याहून चांगला मला रचता येणार नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला रियाधच्या त्या आलिशान हॉटेलात जगभरच्या गुंतवणूकदारांचा मेळा भरला. बँकर आले, सल्लागार आले, ‘वाळवंटातलं दावोस’ असं कौतुकाचं नावही मिळालं. तिथेच निओम या पाचशे अब्ज डॉलरच्या नगराची घोषणा झाली. तिथेच सोफिया नावाच्या यंत्रमानवाला सौदी नागरिकत्व बहाल झालं. तेव्हा हाडामांसाच्या सौदी बाईला गाडी चालवायची मुभा मिळायची होती. मेळा पांगला. ४ नोव्हेंबरला त्याच हॉटेलाचा तुरुंग झाला. राजपुत्र, मंत्री, कंत्राटदार, वाहिन्यांचे मालक अशी शेकडो माणसं चौकशीला बोलावली गेली. त्यांत अल-वलीद बिन तलाल होते, ज्यांचं नाव जगातल्या श्रीमंतांच्या याद्यांत असायचं. मुताइब बिन अब्दुल्लाही होते, दिवंगत राजांचे चिरंजीव, ज्यांच्याकडून त्याच रात्री नॅशनल गार्ड काढून घेण्यात आलं. पन्नासहून अधिक वर्षं एका शाखेकडे असलेली दुसरी फौज अशी एका रात्रीत गेली. भ्रष्टाचार हा सगळ्यात छोटा मुद्दा होता.

तडजोडी झाल्या. चारशे अब्ज रियालहून जास्त वसूल केले, असं महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं. कोणाकडून किती, कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या न्यायालयापुढे, हे विचारायचं नाही. एक लष्करी अधिकारी कोठडीत मेला आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, असं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. छळ झाल्याचा सौदी सरकारनं इन्कार केला. फेब्रुवारीत हॉटेल पुन्हा पाहुण्यांसाठी उघडलं. पुढच्या मेळ्याला बँकर परत आले, तरी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येमुळे काहींनी त्या वर्षी कंपनीच्या प्रमुखाऐवजी धाकट्या साहेबाला पाठवलं. निषेध तो निषेध.

त्याच ४ नोव्हेंबरला लेबनॉनचे पंतप्रधान साद हरीरी यांनी रियाधमधल्या टीव्हीवरून राजीनामा दिला. स्वतःच्या देशातल्या पदाचा राजीनामा दुसऱ्याच्या राजधानीतून! फ्रान्सच्या अध्यक्षांना मध्ये पडावं लागलं. हरीरी मायदेशी पोहोचले आणि त्यांनी तो राजीनामा मागे घेतला.

आता समर्थक म्हणतील, आणि खरंच म्हणतात, की भावांच्या राज्यात बाया गाड्या चालवणार होत्या का? सिनेमा दिसणार होता का? धर्मपोलिसांच्या काठीला आवर बसला असता का? या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. २०१६ मध्ये धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार गेला, एप्रिल २०१८ मध्ये सिनेमागृह उघडलं, जूनमध्ये बाया गाडी घेऊन रस्त्यावर आल्या. रियाधच्या पोरांना हा युवराज आवडतो. का आवडू नये? फक्त एक तपशील. जूनमध्ये परवानगी लागू व्हायची होती आणि मे महिन्यात, आधी काही आठवडे, ती परवानगी वर्षानुवर्षं मागणाऱ्या बायांना पकडून आत टाकलं गेलं. त्यांच्यातल्या लुजैन अल-हथलूल फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या. मागितलेलं मिळालं असं दिसता कामा नये, दिलेलं मिळालं असं दिसायला हवं. दात्याची सही खाली स्पष्ट हवी.

टीका कितीपत चालते याचाही तपशील घ्या. जुलै २०२३ मध्ये एका निवृत्त शिक्षकाला समाजमाध्यमांवरच्या लिखाणाबद्दल फाशी सुनावली गेली. ह्यूमन राइट्स वॉचच्या म्हणण्यानुसार त्याच्या दोन खात्यांना मिळून दहा अनुयायी होते. वर्षभरानं शिक्षा रद्द होऊन तीस वर्षांवर आली. अनुयायामागे तीन वर्षं!

आणि निर्णय झटपट होतात, हे तर कौतुकाचं मुख्य कलम. होतात ना. मार्च २०१५ मध्ये, संरक्षणमंत्री होऊन दोन महिने झालेल्या एकोणतीस वर्षांच्या माणसानं येमेनमध्ये युद्ध काढलं. काही आठवड्यांत आटपेल असा होरा होता. शस्त्रसंधी झाली एप्रिल २०२२ मध्ये. २०२१ अखेर त्या युद्धात, उपासमार आणि रोगराई धरून, ३ लाख ७७ हजार माणसं दगावली असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी केली. साडेतीन वर्षांनी, कतारनं मुख्य अटी न मानताच, मिठ्या मारल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या वकिलातीत लग्नाची कागदपत्रं आणायला गेलेले पत्रकार जमाल खशोगी बाहेर आलेच नाहीत. म्हातारे भाऊ असते तर यातलं प्रत्येक काम त्यांनी चर्चेत इतकं घोळवलं असतं की एकही तडीस गेलं नसतं.

या भानगडीत धर्मगुरूंचंही उट्टं निघालं. सौदी राज्याचा आरंभ १७४४ च्या कराराशी जोडायची रीत होती. मोहम्मद बिन सौद यांनी तलवार द्यायची, धर्मसुधारक मोहम्मद बिन अब्दुल वहाब यांनी आशीर्वाद द्यायचा, असा तो करार. जानेवारी २०२२ मध्ये फर्मान निघालं: राज्य स्थापन झालं १७२७ मध्ये, आणि २२ फेब्रुवारीला स्थापना दिन पाळावा. सतरा वर्षं मागे गेलं की मौलवी चित्रातून आपोआप बाहेर. उलेमांच्या फतव्यानं एके काळी राजा उतरला होता, ही आठवण आता कोण कशाला काढेल?

शेजारी काय करतात? शेजाऱ्यांचं पाहून शेजारी शिकतात. अबुधाबीत शेख मोहम्मद बिन झायेद यांनी आजारी थोरल्या भावाच्या नावे अनेक वर्षं राज्य चालवलं, २०२२ मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले आणि मार्च २०२३ मध्ये भावांना ओलांडून मुलगा खालेद याला युवराज केलं. भावांना उपाध्यक्षपद, उपशासकपद अशी उत्तेजनार्थ बक्षिसं मिळाली. अबुधाबीकर रीतभात पाळतात. कतारमध्ये २०२१ साली शूरा परिषदेची पहिलीवहिली निवडणूक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेतलं आणि नव्वद टक्के मतदारांनी मतदान करून कळवलं की आम्हाला यापुढे मतदान नको. जॉर्डनच्या राजांनी २०२१ मध्ये सावत्रभाऊ हमझा यांना घरात कोंडलं, पण तिथे आणि मोरोक्कोत राज्य पहिल्यापासून एका माणसाचंच. ओमानचे काबूस तर १९७० मध्ये वडिलांना हटवून आले आणि पंतप्रधान, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री सगळे स्वतःच झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात मतभेद झाल्याचं ऐकिवात नाही. एकट्याचं राज्य ही अरबांना नवी गोष्ट नव्हे. नवं इतकंच की जिथे ते नव्हतं तिथेही ते पोहोचलं.

मला खरं वाईट वाटतं कुवेतचं. १९६२ ची राज्यघटना, १९६३ पासून संसद, आणि संसदही नावापुरती नाही. तिथले खासदार राजघराण्यातल्या मंत्र्याला उभं करून जाब विचारत. जानेवारी २००६ मध्ये आजारी अमीर साद यांना संसदेनं ठराव करून पदावरून दूर केलं. आखातात असं दुसरं उदाहरण दाखवा. गोंधळही भरपूर, सरकारं पडत, निवडणुकांवर निवडणुका, रस्ते नि प्रकल्प रखडलेले. शेजारचे दुबईकर बघून हसायचे. ‘बघा, लोकशाहीनं यांचं काय झालं.’ एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक झाली आणि १० मे रोजी, सभागृह बसायच्याही आधी, नवे अमीर मिशाल यांनी ते बरखास्त केलं. राज्यघटनेतली काही कलमंही स्थगित केली, चार वर्षांपर्यंत. मग नागरिकत्व तपासणी सुरू झाली. हजारोंचं नागरिकत्व रद्द झालं, आणि त्यांत कुवेती नवऱ्याशी लग्न करून नागरिक झालेल्या कितीतरी बाया होत्या. आधी सभागृह रिकामं केलं, मग मतदारयादी.

यात आपला संबंध काय, असं विचाराल तर नाणार आठवा. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक आपल्या तेल कंपन्यांबरोबर रत्नागिरीत ४४ अब्ज डॉलरची रिफायनरी उभारणार होत्या. आंबा-काजूवाल्या गावांनी नको म्हटलं, मोर्चे काढले, राजकारण्यांना निवडणुकीआधी घाम फुटला आणि मार्च २०१९ मध्ये सरकारनं नाणारचं भूसंपादन रद्द केलं. पुढे त्याच प्रकल्पासाठी बारसूत पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा आपण फार सोवळे आहोत असं समजायचं कारण नाही. पण निओमसाठी तबूक प्रांतातली गावं उठवली जात होती तेव्हा हुवैतात टोळीतल्या एका माणसानं घर सोडणार नाही असं चित्रफितीत सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये सुरक्षा दलाच्या गोळीबारात तो मारला गेला. आधी गोळी त्यानंच झाडली असं सरकार म्हणतं. त्या जमिनीवर उभं राहायचं होतं ‘द लाइन’: १७० किलोमीटर लांब, दोनशे मीटर रुंद, पाचशे मीटर उंच, नव्वद लाख वस्तीचं शहर. २०२४ मध्ये बातमी आली की २०३० पर्यंत त्यातले अडीचेक किलोमीटर होतील. भावांच्या बैठकीत एखाद्या काकानं चहाचा घोट घेत ‘एकशे सत्तर? सरळ रेषेत? कशाला?’ एवढं जरी विचारलं असतं तरी काही अब्ज वाचले असते. सल्लागारांच्या सादरीकरणात ‘कशाला’ ही स्लाइड नसते; तिचे पैसे मिळत नाहीत.

तरी सगळे या युवराजाला भेटायला जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये, खशोगींच्या हत्येला चार महिने झाले असताना, आपले पंतप्रधान शिष्टाचार बाजूला ठेवून दिल्ली विमानतळावर त्याला मिठी मारायला हजर होते. सौदीला वाळीत टाकू म्हणणारे बायडन जुलै २०२२ मध्ये जिद्दाला जाऊन त्याच्या मुठीला मूठ लावून आले. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वी रियाधला गेलं की चार राजपुत्रांना चार वेळा भेटावं लागे. आता एकाच खोलीत संरक्षण, तेल, गुंतवणूक, फुटबॉल सगळं उरकतं. पाहुण्यांचा वेळ वाचतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये मोहम्मद पंतप्रधानही झाले. मूलभूत कायद्यानुसार ते पद राजाचं असतं. अपवाद म्हणून फर्मान निघालं. त्यांनी सोडलेलं संरक्षण खातं धाकट्या सख्ख्या भावाकडे, खालिद यांच्याकडे गेलं. ऊर्जा खातं २०१९ पासून सावत्रभाऊ अब्दुलअझीझ यांच्याकडे आहेच. राजे सौदना १९६४ मध्ये ज्या पापासाठी उतरवलं, तेच पुण्य झालं.

आता एक कलम तेवढं वाचून ठेवा. जून २०१७ मध्ये मोहम्मद यांना युवराज करताना, बहुधा बाकीच्या चुलतभावांची समजूत काढायला, मूलभूत कायद्याच्या पाचव्या कलमात एक ओळ घातली गेली: संस्थापकांच्या मुलांची पिढी सरली की राजा आणि युवराज एकाच शाखेतले असणार नाहीत. म्हणजे मोहम्मद राजे झाले की खालिद बाद, स्वतःचे मुलगेही बाद. युवराज दुसऱ्या काकाच्या घरातून आणावा लागेल. राजे सलमान १९३५ सालचे. उपयुवराजाचं पद २०१७ पासून रिकामं. मूलभूत कायदा १९९२ मध्ये आला तो फर्मानानं आणि बदलतो तोही फर्मानानंच. सौदी फर्मानं बहुतेक वेळा रात्री उशिरा निघतात, तेव्हा चुलतभावांनी फोन चालू ठेवून झोपलेलं बरं.